तुम्ही विचारलंत म्हणून : ‘थोडा हातभार लावला तर काय बिघडतं?’

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई आहे म्हटलं, की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, ‘‘ऊसतोडीला गेलेली पोरं आईबापाला थोडा हातभार लावतात, त्यात एवढं काय? आम्हीही लहानपणी शेतात राबलोच की!’’

राबलात, खरंय. पण दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत गेलात.

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांनी गाड्या भरायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातो. मजुरी टनावर. मुकादमाच्या वहीत पोरांचं नाव नसतं. पण धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायच्या, जमेल तशी मोळी उचलायची, हे दहा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला येतं. टन भरायला तिचाही हात लागतो, पैसे मात्र कोयत्याच्या नावावर. बापाला विचारा, तो म्हणेल, ‘‘ती कुठं काम करती बाई, नुसती संगं असती.’’ खोटं बोलतोय असं त्याला वाटतही नाही.

हंगाम संपला की ही मुलं वर्गात येतात. उसाच्या पात्यांनी हात ओरबाडलेले, कोयत्याचा एखादा व्रण, वजन घटलेलं. डोक्यावर ओझी वाहून मान-पाठ दुखते म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या वयात दुखायचं कारण काय? पण मला सगळ्यात जास्त खटकते ती झोप. ऊस न्यायला ट्रॅक्टर फडात, म्हणजे उसाच्या शेतात, कधी येईल याचा नेम नसतो. रात्री दोनला आला तरी आईबाप भरायला उठतात, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पोरं एकटी. पहाटे चूल पेटते तेव्हा पुन्हा जाग. असे महिनोन् महिने काढलेलं मूल अकरा वाजता बाकावर मान टाकतं. त्याला आळशी म्हणणारे शिक्षकही आहेत, आमच्यातलेच.

त्यात दुसरं सत्र पूर्ण बुडालेलं. फळ्यावर भागाकार मांडला की पोरगी शेजारणीच्या वहीत बघते. पुढच्या वर्षी ती वरच्या वर्गात, भागाकार मागेच. सातवी-आठवीत पोरं स्वतःहून म्हणतात, ‘‘बाई, आता शाळा नको.’’

२०१६च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. सूट आहे ती मुख्यतः शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदतीची. आता मुकादमाचा फड हा घरचा धंदा कसा? आणि शाळाच नाही तिथं सुटणार काय?

मुलींचं तर विचारूच नका. वयात आलेली पोर मागं ठेवायची भीती, सोबत नेली तर कोपीला दार नाही. मग लग्न लावलं की काळजी मिटते आणि नवा कोयताही तयार होतो. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढलेल्या ज्या ऊसतोड बायकांची चर्चा झाली, त्यातल्या कितीतरी अशाच लवकर संसाराला लागलेल्या.

पोरं गावातच आजी-आजोबांकडे राहावीत आणि त्यांना जेवण मिळावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, चांगली आहे. आई ‘‘ठेवते’’ म्हणते, पण जेवण कधीपासून सुरू होणार ते तिला आधी कळायला हवं. गाड्या गेल्यावर मंजुरी आली तर तिचा काय उपयोग? दसऱ्याआधी आली, तर माझ्या वर्गातली निम्मी पोरं थांबतील.