चालकुडीच्या पाणलोटातील पाहणी आणि तो ‘सोपा’ ओढा

केरळमधील चालकुडी नदीच्या पाणलोटात, वाळच्चालच्या वरच्या अंगाला असलेल्या काडर आदिवासींच्या जंगलात, जूनमध्ये सहा रात्री उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी करून आम्ही नुकतेच पुण्याला परतलो. ज्या ओढ्याला आमच्या मध्यस्थाने ‘दोन तासांची सोपी वाट’ म्हटले होते, त्याच्याविषयी पुढे जाणाऱ्यांना सावध करणे मला आवश्यक वाटते, कारण त्या वाटेने तो स्वतः कधी गेला असेल यावर माझा विश्वास नाही.

जेमतेम 700 मीटरच्या त्या टप्प्याला आम्हाला पाच तास लागले. दोन्ही काठांवर वेताची काटेरी जाळी असल्यामुळे पाण्यातूनच चालावे लागते, दगडांवर शेवाळ आहे आणि वर पाऊस झाला की घोट्याएवढे पाणी बघता बघता गुडघ्यापर्यंत चढते. गमबुटात पाणी भरते, तेव्हा ते आणू नयेत. पाणी निथळून जाईल असे, चांगली पकड असलेले बूट आणि जळवांसाठीचे मोजे हवेतच. आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी तिच्यावर उजेड टाकावा. आमच्यातील एकाचा हात मलबारी चापडा या विषारी सापापासून वीतभर अंतरावर थांबला, तोही वाटाड्याने ओरडून थांबवल्यामुळे.

इतके सोसूनही ज्या नाचऱ्या बेडकांसाठी आम्ही तेथे उतरलो, ते दिसले नाहीत. खळखळाटात आवाज पुरत नाही म्हणून मागचा पाय ताणून खूण करणारे हे बेडूक दिवसा वावरतात, आणि त्यांचा विणीचा हंगाम पावसाळा सरून ओढ्याचे पाणी उतरल्यावर येतो. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: जूनमधल्या रात्री हा ओढा करूच नये. झुडुपी बेडूक आणि देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे, पाय नसलेले उभयचर) यांच्यासाठी जून उत्तम आहे, पण ती वरच्या पायवाटेवरही भेटतात. तेथे घालवलेले दोन दिवस सुखाचे गेले.

मध्यस्थाने दोन वाटाड्यांचे म्हणून आमच्याकडून दिवसाला 3,000 रुपये घेतले आणि त्यांच्या हाती प्रत्येकी 500 ठेवले, हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळले. ही लूट आहे. वनविभागाचा परवाना काही महिने आधी मागावा लागतोच, पण येथील नऊ काडर वस्त्यांना 2014 साली सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, आणि जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावरील समाजाचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. तेव्हा आधी ग्रामसभेला भेटावे, मजुरी तिच्यासमोर ठरवावी आणि वाटाड्याच्या हातात द्यावी. हत्तीचा वास येताच तो परत फिरायला सांगेल, तेव्हा पाहणी अर्धी राहिली तरी फिरावे.

सहाव्या दिवशी सकाळी, पाण्यापासून बरेच दूर, त्याच वाटाड्याने पाचोळा बाजूला केला आणि पिवळ्या तोंडाचे तळहाताएवढे वेत-कासव दाखवले, ज्याला तेथे ‘चूरल आमा’ म्हणतात. 1912 साली वर्णन झाल्यानंतर हे कासव 1982 पर्यंत शास्त्रज्ञांना पुन्हा सापडले नव्हते. त्या वर्षी सरीसृपांच्या अभ्यासक जे. विजया यांना ते याच जंगलात, काडरांच्या मदतीने मिळाले. माझे थकलेले पाय त्या क्षणी थरथरत होते. पाठीचे माप घेऊन आम्ही ते होते तेथेच ठेवले. जागेचे अक्षांश-रेखांश येथे देत नाही. ते फक्त ग्रामसभेला दिलेल्या नोंदींच्या प्रतीत आहेत.