सविस्तर चर्चेअंती

ग्रामसभा साडेदहाची. मी दहालाच पोचलो. हॉलात पंखेसुद्धा लावले नव्हते. टेबलावर टाईप केलेला एक कागद पडला होता, सहज वाचला. कचरा शेडची जागा, सर्व्हे नंबरासकट. आणि खाली : ‘सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.’

चर्चा व्हायची होती. माणसंही यायची होती.

शेजारच्या काकांना दाखवलं. ते हसले. “तें काल रातींच ठरलां मरे. तुका कळूंक ना?”

कुठे ठरलं ते विचारलं नाही. दोन-तीन पंच, एखादा कंत्राटदार आणि कुणाचा तरी बाल्कांव, म्हणजे गोव्यातल्या घरापुढची बसायची पडवी. (तळलेले बांगडेही असणार.)

चर्चा मग झालीच, चांगली पाऊण तास. एका बाईंनी खालच्या विहिरीचं काय, असं दोनदा विचारलं. सचिवांनी दोन्ही वेळा मान हलवली. वही मिटलेलीच.

१९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे गावच्या मतदारयादीतला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य. बाल्कांवाचा नव्हे, हे मात्र खरं.

पण घरी आल्यापासून खटकतंय ते वेगळंच. ‘हात वर करा’ म्हटल्यावर माझाही हात वर गेला. का गेला असेल?