सातबारा कोरा, नकाशात बगीचा

खरेदीखताची वेळ दुसऱ्या दिवशीची ठरली होती. घेणारे निवृत्तीला आलेले शिक्षक, जागा महापालिका हद्दीत अलीकडे आलेल्या गावातली, १२ गुंठे. मालकीच्या ३० वर्षांच्या शोध अहवालात काही खटकत नव्हतं. बोजा नाही, इतर हक्कात कुणी नाही, वाटपाचा फेरफार मंजूर. एजंटाने दिलेल्या झोन दाखल्याच्या (जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा दाखला) झेरॉक्सवर ‘रहिवास विभाग’ असा शेरा होता, पण ती झेरॉक्स जुन्या प्रादेशिक योजनेच्या काळातली होती. म्हणून नव्या विकास आराखड्यानुसार दाखला आणि भाग नकाशा मागवला होता. तो त्या दुपारी हातात पडला.

‘भागशः रहिवास, भागशः १२ मी. रुंद रस्ता, भागशः आरक्षण बगीचा.’

म्हणजे जमिनीचा काही भाग रस्त्यात, काही सार्वजनिक बगीच्यासाठी राखून ठेवलेला. हा शेरा अख्ख्या गटाचा असतो. आपण घेतोय तो तुकडा गटाच्या कुठल्या अंगाला येतो, ते त्यातून कळत नाही. भाग नकाशावर पट्टी ठेवून मोजण्याचा मोह आवरायला हवा: १:५००० च्या नकाशात १ मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर ५ मीटर. म्हणून पोटहिश्श्याच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घेऊन सर्वेअरला बसवलं. गटाचे कोपरे आणि जुना शिवरस्ता हे कायम बिंदू धरून त्याने दोन्ही नकाशे एकमेकांवर चढवले. ३० मी. रुंद आणि साधारण ४०.५ मी. लांब अशा तुकड्यातून रस्त्याखाली ३६० चौ.मी., बगीच्याखाली ४५५ चौ.मी. उरले ३९९ चौ.मी., म्हणजे चार गुंठ्यांहून किंचित कमी, तेही समास अंतरं (बांधकामाभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडण्याआधी. भाव मात्र बाराही गुंठ्यांना रहिवासाचाच ठरलेला. (नगररचना विभागाकडून जागेवर आखणी करून घेतल्याशिवाय हे आकडे पक्के धरू नयेत.)

‘‘पण वकीलसाहेब, सातबारा तर कोरा आहे ना?’’ सरांनी विचारलं.

आहेच. मालकी आणि बोजा सातबारा सांगतो, आरक्षण तो सहसा सांगत नाही. विकणाराही खोटं बोलत नव्हता. आराखड्याचं प्रारूप (मसुदा) राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतं, हरकती मागवल्या जातात, पण प्रत्येक मालकाच्या दारात नोटीस येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याची जमीन जाते त्यालाच शेवटी कळतं. नुसता प्रारूप आराखडा असला तरी गाफील राहू नये. परवानगी देताना तोही विचारात घ्यावा लागतो (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४६).

‘‘आरक्षण दहा वर्षांनी उठतंच,’’ असं एजंट म्हणाला. आपोआप काहीच उठत नाही. कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही, तर मालकाने किंवा हितसंबंधिताने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. तिथून २४ महिन्यांत संपादनाची खरी पावलं पडली नाहीत तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नुसता ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलंय. त्यानंतर राजपत्रातली अधिसूचना मिळवावी लागते. इथे आराखड्याला सातच वर्षं झाली होती. सरांच्या वयाला तीन अधिक दोन वर्षं थांबण्याचा सल्ला देववेना.

सुदैवाने साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) एक कलम घातलेलं होतं: चालू झोन दाखल्यात आरक्षण किंवा रस्ता निघाल्यास व्यवहार रद्द, विसार (आगाऊ दिलेली रक्कम) १५ दिवसांत परत. हे कलम नसतं तर विसारासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली असती. साठेखत करताना ते घालूनच घ्या, आणि दाखल्यावरची तारीख व तो कोणत्या आराखड्यानुसार दिलाय ते वाचा.

विसार परत आला. मालकाला रस्त्याखालच्या क्षेत्रासाठी टीडीआरचा (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) पर्याय सुचवला. त्यासाठी आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून, कब्जा कुळाचा किंवा सहहिस्सेदाराचा नाही हे दाखवावं लागणार होतं. त्याच आठवड्यात त्यांनी मोजणीचा अर्ज भरला.