एका चिखल्याचे दोन झाले, बरंच झालं

लेसर सँड प्लोव्हर, म्हणजे आपला छोटा चिखल्या, हे नाव आता पक्ष्यांच्या अधिकृत याद्यांमधून गेलंय. पक्षी कुठे गेले नाहीत, खाडीत ढिगाने आहेत, पण जो एक मानत होतो त्याचे दोन केलेत, तिबेटन सँड प्लोव्हर आणि सायबेरियन सँड प्लोव्हर. आपल्याकडे शिवडीला, ठाणे खाडीत, उरणला ओहोटीच्या चिखलात जो तुरुतुरु धावतो, ब्रेक मारल्यासारखा थांबतो, एक टिपतो आणि परत धावतो, तो तिबेटन. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर यावर जी रडारड झाली ती सांगायला नको, 'झालं, परत याद्या बदला', 'या शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत का' वगैरे. मला मात्र हे प्रकरण भलतंच आवडलं.

मुळात ही फाळणी नवी नाहीच. पल्लास या निसर्गअभ्यासकाने 1776 साली मोंगोलस नावाने एकाची, म्हणजे सायबेरियनची, नोंद केली, 1829 मध्ये वाग्लर या दुसऱ्या अभ्यासकाने अ‍ॅट्रिफ्रॉन्स म्हणून तिबेटनची केली, मग पुढे कधीतरी दोघांना एकाच नावाखाली कोंबलं आणि आपण सगळे तेच शिकलो. 2022 मध्ये जनुकीय अभ्यास आला त्यात तर अजूनच मजा. आपला तिबेटन हा सायबेरियनचा सख्खा भाऊ नाहीच, तो जास्त जवळचा निघाला ग्रेटर सँड प्लोव्हरला! म्हणजे खाडीत शेजारी उभे असताना ज्यांना 'हा छोटा, तो मोठा, चोच बघ, पाय बघ' करून वेगळं काढता काढता डोळे फुटायची वेळ येते ती भावंडं, आणि ज्याला आपण तोच समजत होतो तो लांबचा. त्यात जीनस, म्हणजे शास्त्रीय नावातला कुळगट, तोही बदलला, कॅराड्रियस जाऊन अ‍ॅनारिंकस आला, ज्यात न्यूझीलंडचा तो उजवीकडे वाकड्या चोचीचा राय-बिल पण आहे. आता आपल्या चिखल्याचा न्यूझीलंडशी काय संबंध, पण नातेवाईक कुठे आपण निवडतो.

ओळखायचं म्हणाल तर एप्रिल सगळ्यात बेस्ट, परत जायच्या आधी ते रंगात येतात तेव्हा. छाती विटकरी होते, डोळ्यांवरून काळा पट्टा येतो आणि तिबेटन नराचं कपाळ जवळजवळ सगळं काळं असतं. सायबेरियनच्या कपाळावर पांढरा भाग राहतो आणि गळ्याच्या पांढऱ्याखाली काळी बारीक रेघ असते. हिवाळ्यात दोघेही मळकट राखाडी, तेव्हा पंखाखालची अंगाची बाजू, म्हणजे कूस बघायची, तिबेटनची स्वच्छ पांढरी, सायबेरियनची राखाडी डागाळलेली. पण उन्हात, चिखलाच्या वाफेत, शंभर मीटरवरून हे दिसलं असं कोणी छातीठोक सांगितलं तर मी तरी आधी फोटो मागते.

आता खरा मुद्दा. तिबेटन अंडी घालतो लडाख, तिबेट, पामीर इकडे, उंचावरच्या तळ्यांच्या काठी, आणि हिवाळ्यात थेट समुद्रसपाटीला येतो, भारत, आखात, पूर्व आफ्रिका. सायबेरियन ईशान्य सायबेरिया आणि कामचात्काचा, तो पिवळ्या समुद्राच्या काठाने ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. आणि पिवळ्या समुद्राची वाट लागलीये. पन्नास वर्षांत तिथली भरती-ओहोटीची दलदल 65 टक्क्यांपर्यंत गेली, दक्षिण कोरियात सेमानगुमला 33 किलोमीटरची भिंत घालून 2006 मध्ये समुद्रच अडवला. जिथे थांबून पोट भरायचं ते ठिकाणच नाही तर पुढे उडणार कशावर? ऑस्ट्रेलियाने 2016 मध्येच त्यांच्याकडे येणाऱ्या या पक्ष्याला 'एन्डेंजर्ड' म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. जागतिक यादीत मात्र तेव्हा दोघांचं एकच खातं होतं आणि त्यावर शिक्का होता 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे काळजीचं कारण नाही, कारण बेरीज एकत्र, इकडचे आकडे बरे दिसले की तिकडची घसरण त्यात झाकली जाते. म्हणून मला ही फाळणी म्हणजे नुसता नावांचा खेळ वाटत नाही. चीनने 2018 मध्ये किनाऱ्यावर भराव घालण्याला बराच लगाम घातला, 2019 आणि 2024 मध्ये तिथल्या काही दलदली जागतिक वारसा झाल्या, थोडं उशिरा पण ठीक.

आणि आपण? ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आली, चांगलंच झालं. पण त्यात आली ती ओहोटीची जेवणाची जागा. भरतीला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे सगळे थवे उडून मागच्या पाणथळी, मिठागरं, बांधांवर जाऊन बसतात, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, निम्मे एका पायावर, आणि जवळ गेलात तर उडायच्या ऐवजी त्याच एका पायावर लंगडी घालत सरकतात. नवी मुंबई-उरणकडच्या नेमक्या याच जागांवर सगळ्यांचा डोळा, कारण नकाशावर त्या 'रिकाम्या' दिसतात. फ्लेमिंगो असले की निदान बातमी तरी होते, मूठभर चिखल्यासाठी कोण कॅमेरा घेऊन येणार! त्यात तो आपल्याकडे कॉमन, म्हणजे त्याच्याबद्दल विचारायचीही गरज नाही असा एकूण समज. सायबेरियनही कधीकाळी असाच कॉमनमध्ये मोजला जायचा.

बाकी, अंदमान किंवा पूर्व किनाऱ्यावरचे एप्रिल-मेचे जुने फोटो कोणाकडे असतील तर जरा कपाळं तपासून बघा, तिकडे एखादा सायबेरियन मिसळलेला असू शकतो. सापडला तर कमेंटमध्ये टाका, आणि फोटो क्रॉप करू नका प्लीज, पंखाखालची कूस दिसायला हवी.