तुम्ही विचारलंत म्हणून: क्लायमेटवाली बाई डीपीपाशी (म्हणजे शेताजवळच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) काय करते?

लग्नात, ट्रेनमध्ये, परवा तर डेंटिस्टकडे तोंड उघडं असतानासुद्धा हा प्रश्न आला. "मॅडम, तुमचा रिसर्च क्लायमेट पॉलिसीवर ना, मग सारख्या खेड्यात शेतीपंप मोजत का फिरता?" लोकांना वाटतं मी हिमनद्या बघत असणार, गेलाबाजार ग्लासगोच्या हवामान परिषदेला तरी जाऊन आले असणार. नाही हो, 2021 साली तिथे भारताने 2070 पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ) करू असं सांगितलं ते मी घरी पोहे खात बातम्यांत बघितलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. कोळसा-गॅस-डिझेल सोडून बाकीची, म्हणजे पाणी, वारा, ऊन, अणू वगैरे धरून वीजनिर्मितीची क्षमता देशात आता निम्म्यावर गेलीये. 2030 चं टार्गेट होतं, 2025 मध्येच झालं. भारीच आहे. पण क्षमता म्हणजे गोठ्यात म्हशी किती, आणि निर्मिती म्हणजे दूध किती, आणि सोलरची म्हैस दिवसाच दूध देते. त्यामुळे तुमच्या घरात येणाऱ्या तीन युनिटांतली दोन तरी अजून कोळशाचीच धरा.

मग उपाय दोनच, दुपारची वीज साठवा (बॅटरी, नाहीतर पाणी वर चढवून ठेवा आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करा, दोन्हीला पैसे लागतात) किंवा वापरच दुपारी सरकवा. आता सरकवणार कोणाचा? हॉस्पिटलचा नाही, लोकलचा नाही, फ्रीजचा नाही. पण उसाला पाणी रात्री दोनला दिलं काय नि सकाळी अकराला दिलं काय, उसाची तक्रार नसते. आणि असे पंप महाराष्ट्रात 40 लाखांच्या वर आहेत. म्हणून मी डीपीपाशी.

गंमत म्हणजे आपण इतकी वर्षं बरोब्बर उलटं केलं. शेतीच्या मोटारी चालतात ती थ्री फेज लाईट आठ-दहा तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच का, तर शहरं झोपली की मागणी उतरते, औष्णिक संच काही गॅसच्या शेगडीसारखे पटकन बंद-चालू करता येत नाहीत, मग ती वीज ढकला शेताकडे. म्हणजे कोळशाच्या सोयीसाठी माणसाने थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत हातात बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. आणि सगळ्यांच्या मोटारींना ऑटो स्विच, लाईट आली की सगळ्या एकदम सुरू, व्होल्टेज खाली, डीपी जळाला की पुढचे आठ दिवस वायरमनची वाट बघा.

यावर 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवातीच्या प्रकल्पांतला एक राळेगणसिद्धीचा. 2023 ला तिचा दुसरा भाग. कल्पना साधी आहे, सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचा प्लांट टाकायचा आणि त्याच्यावर गावठाणापासून वेगळा केलेला शेतीचा फीडर (सबस्टेशनहून पंपांकडे जाणारी लाईन) दिवसा चालवायचा. युनिट साधारण तीन रुपयांच्या आसपास पडतं. शेतकऱ्याला काही बसवायचं नाही, मोटर तीच.

"मग प्रत्येकाला स्वतंत्र सोलर पंप का नको?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. जिथे लाईन पोचतच नाही तिथे जरूर द्या. पण जिथे फीडर आहे तिथे मला तो पटत नाही, कारण पावसाळ्यात किंवा पीक निघाल्यावर मोटर बंद, तेव्हा त्या पॅनलची वीज कुठेच जात नाही, नुसती उन्हात बसलेली. फीडरवरच्या प्लांटची वीज मात्र उरली की ग्रिडमध्ये जाते, कोणाच्या तरी कामाला येते. हे मी मीटिंगांत इतक्यांदा बोललेय की आता लोक माझ्याआधी वाक्य पूर्ण करतात.

अडचण नाही असं नाही. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे, वर दिवसा भरवशाची लाईट, मग मोटर बंद कोण करणार? विहिरीचं पाणी सोलरने वाढत नाही. क्लायमेटच्या नावाखाली भूजल उपसलं तर तो हिशोब कुठे मांडायचा, यावर आमच्याच टीममध्ये वाद आहेत नि ते चहावर संपत नाहीत.

आणि एक. मराठवाड्यातल्या एका गावात मी दिवसाच्या लाईटचे फायदे विचारत होते, मालक खुशीत होते, रात्रीची झोप मिळते म्हणाले. त्यांची बायको चहा देता देता म्हणाली, "रात्रीची लाईट होती तवर मोटरचं काम ह्यांचं होतं ओ. दिवसाची झाली तसं ते माझ्याकडं आलं."

माझ्या प्रश्नावलीत याला रकानाच नव्हता. आता घातलाय.