एक डोकं खाली, एक आडवं

आजच्या सोनोग्राफीत माझ्या पोटातल्या जुळ्यांपैकी पहिल्या बाळाचं डोकं खाली, दुसरं मात्र चक्क आडवं पसरलंय. (स्वभाव आत्तापासूनच दिसतोय!) मी खरं तर सिझेरियनची तारीख मागायलाच गेले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्याचं डोकं खाली असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. २०१३ साली आलेल्या जुळ्यांवरच्या मोठ्या अभ्यासात ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा धोका काही कमी झाला नव्हता. मात्र नॉर्मल ठरवलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं शेवटी सिझेरियनच झालं. क्वचित एक बाळ नॉर्मल आणि दुसऱ्यासाठी सिझेरियन, असंही होतं. मला धास्ती आहे ती त्याचीच, दोन्हीकडचे टाके! तरी कल नॉर्मलकडेच झुकतोय. नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं. मोठीच मदत!