टाळूवरच्या वळ्या आणि कपाटातली जुनी कवळी

विहिरीत चार-पाच दिवस राहिलेल्या देहाच्या बोटांचे ठसे मिळतीलच याची खात्री नसते. कातडी सुटते आणि हातमोज्यासारखी निघून येते. जळालेल्या माणसाचा चेहरा तर घरच्यांनाही ओळखू येत नाही. अशा वेळी एक खूण बरेचदा शाबूत सापडते, ती म्हणजे वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूवर असलेल्या वळ्या. जिभेचं टोक तिथे फिरवलं की खरबरीत लागतं, त्याच त्या.

पोटातल्या बाळाच्या साधारण 12 ते 14 व्या आठवड्यात या वळ्या तयार होतात. वयाबरोबर त्यांची लांबी वाढते, पण आकार आणि मांडणी सहसा तीच राहते. ओठ, गाल, जीभ आणि दात चारही बाजूंनी आडोसा देतात, म्हणून आगीची धग तिथे उशिरा पोहोचते. ओळख पटवायला त्यांचा उपयोग करावा असं अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरिसन ॲलन यांनी 1889 मध्येच सुचवलं होतं. या पद्धतीला 'पॅलेटल रुगोस्कोपी' हे नाव 1932 मध्ये स्पेनच्या ट्रोबो हर्मोसा यांनी दिलं.

अडचण दुसरीच आहे. बोटांच्या ठशांसारखी टाळूची सरकारी नोंदवही आपल्याकडे नाही. देहावरून कितीही सुबक माप (म्हणजे टाळूवर मऊ पदार्थ दाबून घेतलेला उलटा ठसा) घेतलं, तरी ते जुळवायला त्या माणसाचं जिवंतपणीचं काहीतरी हाताशी लागतं. शहरात दात सरळ करताना घेतलेले साचे दवाखान्यात मिळू शकतात. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात ते कुठून आणायचे?

तिथे कामी येते कवळी. वरच्या पूर्ण कवळीची टाळूला चिकटणारी बाजू म्हणजे त्या माणसाच्या वळ्यांचा उलटा ठसाच असतो. नवी कवळी बसवून घेतली की म्हाताऱ्या माणसांची जुनी कवळी बहुधा डब्यात नाहीतर कपाटात पडून राहते. अनोळखी देह वयस्क असेल आणि तोंडात दात नसतील, तर पंचनाम्याच्या वेळी ओळख पटवायला आलेल्या नातेवाइकांना पहिला प्रश्न हाच विचारावा: घरी जुनी कवळी आहे का? आणली की आतून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्यायचा, जाड लावलं तर बारीक वळ्या बुजतात. मग डेंटल स्टोन, म्हणजे दातांचे साचे करायचं कडक प्लास्टर, ओतायचा. 100 ग्रॅम पावडरला साधारण 30 मिलि पाणी लागतं. पाऊण ते एक तासाने साचा सोडवायचा. काही कवळ्यांना जिभेकडच्या बाजूनेही वळ्या कोरलेल्या असतात. त्या उच्चार नीट यावेत म्हणून केलेल्या असतात, तुलनेत धरायच्या नाहीत. कवळी सैल झाली म्हणून आतून नवा थर दिला असेल, तर तो कधी दिला ते नोंदवून ठेवावं.

देहावरचं काम घाईचं असतं. कुजण्यापुढे वळ्या आठवडाभर टिकतात असं सांगितलं जातं, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या भरवशावर थांबू नये. आधी फोटो, मग दातांची नोंद आणि शेवटी माप, हा क्रम मोडायचा नाही, कारण जळालेले पुढचे दात मापाचा पदार्थ भरलेला ट्रे लागताच भुगा होऊ शकतात. जबडा आखडलेला असेल तर ताठरता उतरू द्यावी, उन्हाळ्यात ती लवकर उतरते. टाळू सलाइन आणि गॉजने पुसून घ्यायचा. उपलब्ध असेल तर सिलिकॉन वापरावं, ते फारसं आकसत नाही आणि वर्धा-नागपूरपर्यंत पाठवता येतं. अल्जिनेट (पाण्यात कालवायची मापाची पावडर) हेच असेल तर पाणी थंड घ्यायचं. माठातलं चालेल, टाकीवरचं तापलेलं नको, नाहीतर ट्रे तोंडात जायच्या आत मिश्रण घट्ट होतं. थोडं अल्जिनेट आधी बोटाने टाळूच्या खोलगट भागात चोपडावं, मग ट्रे दाबावा. हे केलं नाही तर तिथे हवा अडकते, आणि मापातली ती पोकळी साच्यावर गाठ होऊन उमटते. नवशिक्या तिला गोल वळी समजतो. अल्जिनेटचं माप ओल्या कापडात गुंडाळून 10-15 मिनिटांत ओतायचं. वाळलं तर आकसतं आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं.

साच्यावर भिंगाखाली बारीक टोकाच्या पेन्सिलने वळ्या रेखाटायच्या. लायसेल यांच्या 1955 च्या पद्धतीने 5 मिमीपेक्षा लांब ती प्राथमिक, 3 ते 5 मिमी दुय्यम, 2 ते 3 मिमी तुटक. 2 मिमीपेक्षा लहान मोजायची नाही. आकारासाठी थॉमस आणि कोट्झे यांची 1983 ची विभागणी सोयीची आहे: सरळ, वक्र, नागमोडी, गोल. दोन वळ्या मध्यरेषेकडे एकाच जागेतून निघून फाकतात की वेगवेगळ्या निघून बाहेरच्या टोकाला जुळतात, हेही लिहायचं. आमच्या मते ओळखीला सगळ्यात जास्त वजन याच जोडांना द्यावं, कारण नुसता आकार पुष्कळांचा सारखा भरतो. लांबी कॅलिपरने साच्यावरच मोजावी. फोटोत पट्टी दातांच्या पातळीवर असते आणि वळ्या खोलात, त्यामुळे आकडा चुकतो. तुलना दोघांनी वेगवेगळी करावी, आणि कोणता साचा कुणाचा हे दोघांनाही सांगू नये.

फसगत कुठे होते? दात काढले किंवा तारांनी सरकवले असतील तर पुढच्या वळ्या थोड्या हलतात, मागच्या त्यामानाने स्थिर राहतात. ढिली कवळी वर्षानुवर्षं वापरली की टाळूवर मांस वाढतं आणि वळ्या झाकोळतात. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाली असेल तर मांडणीच बदलते. आणि आपल्याकडचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तो खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांचं जिवंतपणी माप घ्यायचं तर ट्रे आत जात नाही, आरसा धरून फोटोवरच भागवावं लागतं. वळ्यांवरून बाई की पुरुष हे ठामपणे सांगू नये. न जुळणाऱ्या वळ्या एखादं नाव यादीतून काढून टाकायला फार उपयोगी पडतात. जुळल्या तरी अहवाल दात, कपडे, जुन्या जखमा आणि शक्य तिथे डीएनए यांच्या जोडीनेच द्यावा.

मोफत कवळी शिबिरं घेणाऱ्यांना एक विनंती आहे. साचे फेकायचेच असतील तर आधी वरून सरळ एक फोटो काढून नाव, गाव, वर्ष टाकून ठेवा. आणि प्रत्येक कवळीत मागच्या बाजूला स्टीलच्या बारीक पट्टीवर नाव आणि गाव कोरून ती पारदर्शक ॲक्रिलिकखाली बसवा. कागदाची चिठ्ठी घालू नका, आगीत ती जळते.